स्वस्तातली मुंबई

रंगनाथइतका प्रवास शिंगणापुरात कुणी केला नव्हता. फक्त तो सगळा घराच्या ओट्यावर बसून केलेला. काशी झाली होती, रामेश्वर झालं होतं, एकदा तर द्वारकेहून येता येता वाकडी वाट करून त्यानं गिरनारही उरकला होता. कुठली गाडी धरायची, कुठं बदलायची, कुठल्या धर्मशाळेत फुकट पथारी पसरता येते आणि कुठल्या तीर्थावरचा भट चार आण्यांत गप्प बसतो, सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर. निघायची वेळ आली की मात्र बैल लंगडायचा, नाहीतर पंचांग आडवं यायचं, नाहीतर रंगनाथच्या पोटात कळ उठायची. बेत मोडायचा आणि चार-सहा दिवसांत ओट्यावर दुसऱ्या तीर्थाची चर्चा सुरू व्हायची.

चांगुणाला, म्हणजे त्याच्या बायकोला, याचं काही वाटत नसे. बाप्या माणसाला काहीतरी खोड असायचीच. वरच्या आळीचा एक गांजा ओढायचा, खालच्या आळीचा पत्ते कुटायचा, हा प्रवास आखायचा. धूर नाही, शिव्या नाहीत. आणि तिचं तरी कुठं काशीवाचून अडलं होतं? घोडेगावच्या बाजारापलीकडचं जग तिनं बघितलं नव्हतं, आणि घोडेगाव बघितलं तेही शेळीचं दावं धरून.

पण जर्मन-जपानची लढाई संपली त्या हिवाळ्यात मुंबईहून निरोप आला आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

निरोप आणला मच्छिंद्रनं. हा रंगनाथचा चुलतपुतण्या, मुंबईला गिरणीत होता. बऱ्याच वर्षांनी रजा मिळाली म्हणून केसांना वासाचं तेल चोपडून गावाकडं आला होता. सगळ्या गावाला मुंबई सांगून झाल्यावर तो चुलतीच्या चुलीपुढं बसला आणि एकदम गंभीर झाला.

“काकू, भागूमावशीचा निरोप हाय. आठवा लागलाय तिला.”

भागूबाई ही चांगुणाची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती नुसती रांगत होती. चांगुणा लग्न होऊन सासरी आली ती भागूला कडेवर घेऊनच. तिला वाढवली, न्हाऊमाखू घातलं, उजवली आणि गिरणीतल्या नवऱ्याबरोबर परळला पाठवली. त्यानंतर भागूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही खेपेला लेकरू हाती लागलं नाही. बाळंतपणाला माहेरी यायचं असतं, पण दोन्ही वेळा गिरणीवाल्यानं पाठवली नव्हती आणि आता पाठवायची सोय उरली नव्हती.

“डाक्टर म्हनला, गाडीत बसायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई. तिच्या मालकाची रातपाळी. घरात दुसरं मानूस न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला. “मावशी म्हनली, अक्काला सांग, तू उशाला असलीस तर ह्या टायमाला माझं लेकरू जगंल.”

चांगुणानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदरानं डोळे पुसले आणि धुराला चार शिव्या दिल्या. मग बाहेर येऊन ओट्यावर नवऱ्यापुढं उभी राहिली.

“अवं, म्हमईला जायचंय.”

रंगनाथचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. बायकोनं आपणहून प्रवासाचं नाव काढायची ही पहिलीच वेळ. “बस, बस,” तो म्हणाला, “असं उभ्या उभ्या म्हमईला जाता येतंय व्हय?”

त्या संध्याकाळी ओट्यावर मुंबई अशी शिजली की वास आळीभर गेला. राहुरीला गाडीत बसायचं. दौंडाकडनं गेलं तर पुण्याचं ठेसन फुकटात बघायला मिळतं, पण पुण्याचे लोक पाणी पाजायचे नाहीत. म्हणून मनमाड बरं. उतरायचं भागूकडं, म्हणजे राहायचा खर्च वाचला. सकाळचा चहा मच्छिंद्रच्या खोलीवर. दुपारी सोनईकरांच्या चाळीत सहज डोकावायचं, नगराकडचं माणूस जेवल्याबिगर सोडणार नाही. समुद्र फुकट. ट्रामगाडीत बसायचं कारण नाही, रुळावरनं चालत गेलं की ट्राम जाते तिथंच आपण जातो.

“आन् रानीचा बाग?” मच्छिंद्रनं विचारलं.

“बाहेरनं. हत्ती उच्चा असतो, भिताडावरनं दिसतो.”

मच्छिंद्र हसून लोळायचा बाकी राहिला. चांगुणा हसली नाही. तिला हत्ती नको होता आणि समुद्रही नको होता. तिला परळातली एक खोली हवी होती आणि त्या खोलीतली भागू. मच्छिंद्रची रजा रविवारी संपत होती. त्याच्या सोबतीनं रविवारी निघायचं असं ठरलं.

आता कुणी म्हणेल, मच्छिंद्र सोबत होताच तर बाईनं एकटीनं जायचं. अहो, नवरा धडधाकट असताना बाई मुंबईला जाते हे तेव्हा शिंगणापुरात कुणाच्या डोक्यात यायचं नाही. चांगुणाच्याही आलं नाही. जायचं तर जोडीनं, नाहीतर नाही.

आणि ‘नाही’ दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

“तिकिटाला लई पैसं पडत्यात,” सकाळी दात घासता घासता रंगनाथ म्हणाला.

चांगुणानं त्याच बाजाराला बोकड विकला. रंगनाथनं जेवताना विषय काढला, राहुरीपर्यंत गाडीभाडं कोण देणार? चांगुणा उठून गुऱ्हाळावर गेली. रविवारी गुळाच्या ढेपा घेऊन एक बैलगाडी राहुरीला चालली होती. ढेपांवर बसायला हरकत नव्हती, चाटायला होती. मग रंगनाथला वाटेतल्या जेवणाची काळजी पडली, कारण रेशनचे दिवस आणि दाणागोटा गाडीतून न्यायला बंदी.

“दान्याला बंदी हाय. भाकरीला हाय का?” चांगुणा म्हणाली. “चांगल्या कडक भाजून घेते. पंधरा दिवस टिकतील.”

“शिपायानं धरलं तर?”

“तर एक त्येला देईन. खाऊन दाखव म्हनावं.”

मग रंगनाथला कोट आठवला. मुंबईत कोटाशिवाय फिरणाऱ्याला पोलीस धरतात असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, बहुधा त्याच क्षणी. चांगुणानं शाळेतल्या राधाकृष्ण मास्तरांचा कोट मागून आणला. मास्तर काडीपैलवान, रंगनाथ अंगानं भरलेला. कोट घातला की त्याचे दोन्ही हात पुढं यायचे आणि तो कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखा दिसायचा. पण कोट झाला.

शेवटी त्यानं पंचांग काढलं. “रविवारी पश्चिमेला दिशाशूळ हाय. म्हमई पश्चिमेला. मरायचं हाय का?”

चांगुणा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. “आदी मनमाडला जायचं न्हवं? मनमाड उत्तरेला. रविवारी उत्तर मोकळी हाय. मनमाडाला सोमवार उजाडंल. सोमवारी पश्चिमेला काई न्हाई, पूर्वेला हाय. आपुन पूर्वेला कशाला जातोय?”

रंगनाथनं पंचांग चाळलं, पुन्हा चाळलं आणि मिटून ठेवून दिलं. सगळा प्रवास इतका स्वस्त झाला होता की यापेक्षा घरी बसणं महाग पडलं असतं. तरीही त्याचं तोंड उतरलेलं. चांगुणा मनात म्हणाली, हा चिकटपणा नव्हे. चिकट माणूस एवढ्यात नाचायला लागला असता. ह्याच्या पोटात दुसरंच काहीतरी आहे. आणि दिवस तर पळत होते. तिच्या डोळ्यांपुढं सारखी भागू दिसायची, परळातल्या खोलीत एकटी, भिंतीला धरून उठणारी.

शुक्रवारी ती कडबा बांधायला शेतावर गेली होती. दोरी विसरली म्हणून भरदुपारी परत आली. घर नेहमीसारखं उघडं. शिंगणापुरात घराला दार नसतं, कुलूप नसतं, कडीसुद्धा नसते. नुसती चौकट, आणि कुत्रं शिरू नये म्हणून एक आडवी फळी. चोरी केली तर शनिदेव चोराला सोडत नाही, अशी सगळ्यांची पिढ्यान् पिढ्यांची खात्री. या खात्रीचा सगळ्यात मोठा ढोलकरी कोण, तर रंगनाथ. शनिवारी बाहेरगावची माणसं देवाला तेल घालायला आली की हा त्यांना मुद्दाम आपल्या घरावरून न्यायचा. “हे बघा, ना कडी, ना कोयंडा! एकदा एक चोर आला, रातभर पळाला, पळाला, आन् सकाळी बघतो तर ह्याच निंबाखाली!” ऐकणारे हात जोडायचे आणि रंगनाथला विडी द्यायचे.

तर ती फळी ओलांडून चांगुणा आत आली आणि बघते काय, बाजरीच्या कणगीतून दोन पाय बाहेर आलेले. पाय नवऱ्याचे. बाकीचा नवरा बाजरीत.

“अवं!”

पाय दचकले. रंगनाथ बाहेर आला तो भुश्यानं माखलेला, मिशांना बाजरी लागलेली, हातात रेशनची साखर बांधलेलं फडकं. कणगीपाशी गोड्या तेलाची काचेची बरणी होती आणि तिच्यावर कोळशानं बारीक रेघ ओढलेली, तेल कुठवर आहे ते कळावं म्हणून. रॉकेलच्या बाटलीलाही रेघ. मिठाच्या मडक्यात मीठ सपाट करून वर बोटानं फुली काढलेली.

चांगुणानं ते सगळं बघितलं आणि मटकन खालीच बसली. “चोराची भीती वाटती व्हय तुमाला? तुमाला?”

“चोर?” रंगनाथचा आवाज चढला. “चोराची काय बिशाद ह्या गावात! चोर येत न्हाई. छबूबाई येती!”

छबूबाई शेजारीण. नवरा गेलेली, तोंडानं फटकळ, हातानं मोकळी. तिला घरात काही कमी पडलं की ती शेजारच्या घरात शिरायची, वाटी भरायची आणि बाहेर पडताना मोठ्यांदा सांगायची, “साखर नेतीय गं!” घरात कुणी असो वा नसो, सांगायचं ती चुकायची नाही. परत आणून द्यायचीही, कधी साखरेची मेथी व्हायची, कधी तेलाचं ताक. चांगुणाही तिच्या घरून न्यायची. बायकांचं असंच चालायचं.

“चोराला देव आंधळा करतो,” रंगनाथ हातवारे करत म्हणाला. “पन ही सांगून नेती! सांगून नेल्यावर देव तरी काय करंल? आपुन म्हमईला गेलो म्हंजे तिला रानच मोकळं! यील, नेईल, यील, नेईल. परत यीस्तवर कनगीचा तळ दिसंल.”

“म्हनून काशी ऱ्हायली?”

रंगनाथ मिशांतली बाजरी झाडू लागला.

“रामेश्वर बी?”

“तवा छबूबाईची सासू हुती,” रंगनाथ पुटपुटला. “ती न सांगता न्यायची.”

चांगुणाला आधी हसू आलं. अगदी पोटातून आलं. आणि अर्ध्यावरच ते थांबलं, कारण तिला भागू आठवली. एका फडक्यातल्या साखरेपायी हा माणूस आठवडाभर आपल्याला नाचवतो आहे, बोकड विकायला लावतो आहे, मास्तरापुढं हात पसरायला लावतो आहे, आणि तिकडं पोरगी वाट बघते आहे. तिचं टाळकंच फिरलं.

“माझी भन मरायला टेकलीय आन् तुमी मिठावर फुल्या काढताय?” ती म्हणाली. “लाज वाटती का? उद्या तेल घालायला आलेल्या मानसांना हे सांगू? की देवाचा येवढा मोठा भगत घर सोडून जाईना, कारन घराला दार न्हाई?”

रंगनाथचा चेहरा पांढराफटक पडला. गावात हे कळलं असतं तर त्याला विडी सोडा, कुणी काडीसुद्धा दिली नसती. घर राखायला माणूस ठेवायचं म्हणजे देवावर भरवसा नाही असं शिंगणापुरात सांगणं. एखाद्यानं त्यापेक्षा भरबाजारात धोतर सोडावं. त्यानं चांगुणाचे हात धरले. “नगं, नगं. कुनाला बोलू नगंस. येतो मी. रविवारी नक्की निघू.”

“देवाची शपथ?”

“शपथ कशाला? शब्द दिलाय न्हवं?”

शपथ घेत नाही म्हटल्यावर चांगुणा काय ते समजली. तिनं दोरी घेतली आणि शेतावर गेली.

शनिवारी देवापुढं गर्दी होती. न्हाऊन ओलेत्यानं पुरुष चौथऱ्यावर चढत होते आणि शिळेवर तेल ओतत होते. बायांना वर जायची चाल नव्हती. त्या खाली उभ्या राहून हात जोडायच्या. त्यामुळं वर देव आणि पुरुष यांच्यात काय बोलणं होतं ते बायांना पुरुष सांगतील तेवढंच कळायचं. रंगनाथनं याचाच फायदा घ्यायचं ठरवलं होतं. तेल घालून तो मोठा उसासा सोडत खाली आला, चांगली चारचौघं ऐकतील अशा जागी थांबला आणि मान हलवत म्हणाला, “न्हाई. देवाच्या मनात न्हाई. मी जोडीनं जाऊ का म्हनून कौल लावून इचारलं, फूल डाव्या अंगाला पडलं. आता देवाचंच मन न्हाई म्हटल्यावर म्हमईला कसं जायचं?”

लोकांनी चुकचुक केलं. मच्छिंद्रनं चुलतीकडं बघितलं. चांगुणाला कळलं, आता ही रजा गेली, ही सोबत गेली. पुढची सोबत मिळेपर्यंत भागूचं जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. क्षणभर तिला वाटलं, इथंच बसावं आणि हंबरडा फोडावा. पण हंबरडा फोडणारातली ती नव्हती. तिनं पदर खोचला आणि चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्यापुढं आवाज काढला.

“देवाला नीट इचारलं न्हाई तुमी. पुन्ना जा वर.”

“आं?”

“वर जा आन् इचारा, देवा, माज्या घराला तू हायेस, का मलाच राखनीला बसायला पायजे? फूल डावीकडं पडतंय का उजवीकडं, ते समद्या गावालाच बघू द्या. आन् ते मिठाच्या मडक्यावर—”

“येतो!” रंगनाथ ओरडला. “येतो म्हनलं ना! आगं, डावं म्हंजे माझं डावं. देवाचं उजवं झालं की ते! माझ्या ध्यानातच आलं न्हाई!”

लोक हसले. मडक्याचं काय ते कुणाला कळलं नाही, पण रंगनाथ इतक्या झटक्यानं कशाला तयार झालेला कुणी बघितला नव्हता. गर्दीतून छबूबाई पुढं झाली. तिला मनापासून आनंद झाला होता. तिनं चांगुणाच्या पाठीवरून हात फिरवला.

“जा गं बिनघोर. भागूचं बाळंतपन नीट करून या. आन् भावजी, तुमी बी काई काळजी करू नगा. मी हाय न्हवं? मी दिवसातनं धा येळा तुमच्या घरात चक्कर टाकीन!”

रंगनाथनं कसंबसं तोंड हसरं केलं.

रविवारी पहाटे गुळाची गाडी निघाली. पुढं गाडीवान, मागं ढेपांवर चांगुणा, मच्छिंद्र आणि कोटात कोंबलेला रंगनाथ. गाव दिसेनासं होईतो तो मागं वळून बघत होता. मग गाव दिसेनासं झालं तरी बघत होता. सोनईच्या पुढं गेल्यावर त्यानं एकदा विचारलं, “साखर नीट झाकली का?” चांगुणानं ऐकूनच घेतलं नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, “किती दिस ऱ्हायचं आपुन?”

“तिचं बाळंतपन हुईस्तवर. पुढं सव्वा म्हैना.”

“सव्वा म्हैना!” ढेपेवरून तो पडलाच असता. “याड लागलं का? दोन दिस. तिला बघायचं, चोळी-नारळ द्यायचं आन् माघारी. तिसऱ्या दिशी आपुन घरात पायजे.”

“आन् ती मोकळी झाली न्हाई तर?”

“मोकळं व्हायला ती, तिचा नवरा आन् डाक्टर हाय की. आपलं काय काम?”

गाडी खडखडत होती. मच्छिंद्र उगाच बैलांकडं बघत राहिला. चांगुणाला आता स्वच्छ दिसत होतं. हा माणूस मुंबईत पोचला तरी शिंगणापुरातच असणार. परळच्या खोलीत बसून ‘निघायचं का, निघायचं का’ म्हणून डोकं उठवणार आणि तिसऱ्या दिवशी तिला दंडाला धरून गाडीत घालणार. मग भागू पुन्हा एकटी. एवढं सगळं करून शेवटी तिच्या वाट्याला चोळी आणि नारळ.

ठेसनावर तिकिटाच्या खिडकीपुढं रांग होती. रंगनाथनं कोटाच्या खिशातून पैशाचं फडकं काढलं आणि हातातच धरून उभा राहिला. समोरचा एक माणूस पुढं सरकला, रंगनाथ सरकला नाही. मागचे ओरडू लागले. त्याच्या कपाळावर घाम होता. चांगुणानं त्याच्याकडं बघितलं, अगदी नीट बघितलं. तो भेदरलेला होता. ढोंग नव्हतं, खरंच भेदरलेला होता, घर सोडलेल्या मांजरासारखा. इतकी वर्षं ओट्यावर बसून ह्यानं सगळा मुलूख पालथा घातला आणि राहुरीच्या ठेसनावर ह्याच्या पायातलं बळ गेलं. तिला त्याचा राग आला होता, अजून होताच, पण आता त्याची कीवही आली.

आणि मग तिच्या डोक्यात ते आलं. इतकं साधं की आजवर कसं आलं नाही याचंच तिला नवल वाटलं. गाडीभाडं वाचवलं, जेवण वाचवलं, कोट मागून आणला, आणि ह्या सगळ्या बेतात सगळ्यात महाग चीज कोणती, तर हा! त्याचं तिकीट, त्याचा चहा, त्याची कटकट.

तिनं त्याच्या हातातून फडकं घेतलं. “सरका,” ती म्हणाली आणि खिडकीपुढं जाऊन उभी राहिली.

“किती?” आतून बाबूनं विचारलं.

“म्हमईचं एक.”

मच्छिंद्रनं आ वासला. रंगनाथनं आधी आ वासला आणि मग मिटला. “एक म्हंजे? आन् मी?”

“तुमी घरी जावा. कोट काढा, मास्तरांना द्या. घर संबाळा, म्या माज्या भनीला संबाळते.” तिनं खिडकीपुढं फडकं सोडलं. “खर्च बी वाचला. अर्ध्यात भागलं.”

रंगनाथ काहीतरी बोलणार होता. नवऱ्यानं अशा वेळी काय बोलायचं असतं ते त्याला ठाऊक होतं: बाईमाणूस, एकटी, लोक काय म्हणतील. पण त्याच वेळी त्याच्या डोळ्यांपुढं संध्याकाळच्या आत घरी पोचणारी गुळाची रिकामी गाडी उभी राहिली, आणि ते शब्द काही बाहेर पडेनात. “लोकांना काय सांगू?” एवढंच त्यानं विचारलं.

“सांगा की देवानं मला एकटीलाच जा म्हनून सांगितलं. तुमच्याशी बोलतोच की त्यो.”

गाडी आली. मच्छिंद्रनं तिचं गाठोडं बायकांच्या डब्यात चढवलं आणि स्वतः शेजारच्या डब्यात शिरला. चांगुणा चढली. आयुष्यात पहिल्यांदा ती आगगाडीत पाय ठेवत होती, पण तिनं खिडकीजवळची जागा बळकावली. मनात भीती होती आणि भीतीखाली कसला तरी आनंद होता, एवढा की तिला स्वतःचीच लाज वाटली.

गाडी हलली. रंगनाथ डब्याच्या बाजूनं चालू लागला. घाईत त्यानं कोट काढायला घेतला होता आणि एक हात बाहीत अडकून राहिला होता. कणगीचं, छबूबाईचं सोडून त्याच्या डोक्यात एकाएकी दुसरंच काहीतरी शिरलं असावं, कारण त्याचा चेहरा बदलला.

“आगं, परतीचं तिकीट काढलंस न्हवं?”

“न्हाई,” चांगुणा म्हणाली. “एकाच बाजूचं काढलं.”

“मग यनार कवा?”

“बाळंतीन उठंल तवा. आन् मग मला यावंसं वाटंल तवा.”

तो चालता चालता पळू लागला. फलाट संपत आला होता. लोक बघत होते, कोटाची मोकळी बाही त्याच्या मागं फडफडत होती. “आगं, पन यीशील न्हवं तू?” तो ओरडला. “चांगुणे! यीशील न्हवं?”

इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. चांगुणानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं आणि पदर सावरून समोर बघत बसली. राहू दे थोडे दिवस त्याच्याही जिवाला घोर.